जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा? जरा थांबा

"वाडा दुरुस्त करताय ना? मग सिमेंटचा जाड गिलावा मारा, पुन्हा बघायला नको." हा सल्ला गावोगावी मिळतो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी धडधाकट भिंती वाया गेलेल्या बघवत नाहीत.

चुन्यात बांधलेली विटांची भिंत जमिनीतली ओल ओढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ती ओल बाहेर उडून जाते. सिमेंटने ही वाट बंद होते. मग ओल आतच वर चढते, तुळयांची टोकं कुजतात, गिलाव्यामागे लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार, साचतो. काही पावसाळ्यांनंतर कमरेएवढ्या उंचीवर टिचकी मारून पाहा, पोकळ आवाज येतो. पोपडा काढला की वीट बोटानेसुद्धा भुसभुशीत लागते. लोक म्हणतात, भिंत जुनी झाली. नाही हो, ती गुदमरली!

चुना कच्चा, हाही गैरसमजच. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होत जातो.

दुरुस्ती करायचीच तर मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) वापरा. त्याआधी पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब न्या.