वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला नक्की काय मिळतं?

गणिताचा तास सुरू झाला की दहा मिनिटांत एक मुलगा हमखास बाहेर. कधी शेजाऱ्याची वही ओढली, कधी बेंचवर तबला वाजवला, कधी उगाचच कुत्र्याचा आवाज काढला, आणि बाई वैतागून म्हणतात, "हो बाहेर." असा एकतरी मुलगा बहुतेक वर्गांत असतोच. बाईंच्या मते ही शिक्षा झाली. आता मुलाच्या बाजूनं बघा. भागाकार त्याला दुसरीपासून जमत नाहीये, फळ्यापाशी बोलावलं की अख्खा वर्ग हसतो, आणि बाहेर व्हरांड्यात वारा आहे, शिपाईकाका आहेत, मैदानावर दुसऱ्या तुकडीचा पीटीचा तास चाललाय. त्याला शिक्षा वगैरे काही झालेली नाही, त्याची सुटका झालीये. आणि गंमत म्हणजे बाईंचीसुद्धा झालीये, कारण तो बाहेर गेल्यावर वर्ग शांत होतो, त्यामुळे उद्या त्या त्याला जरा लवकरच बाहेर काढणार आणि तोही जरा लवकरच आवाज काढणार. दोघंही एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही ते कळत नाहीये.

म्हणून वर्तनाचा अभ्यास करणारे लोक "हा मुलगा कसा आहे" हा प्रश्न बाजूला ठेवतात आणि "याला यातून मिळतं काय" हे विचारतात. उत्तरं तशी मोजकीच निघतात. लक्ष मिळतं (ओरडा खाणं हेही लक्षच, विशेषतः ज्याच्याकडे एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही त्याला), नकोशा कामातून सुटका मिळते, हवी ती वस्तू किंवा जागा मिळते, नाहीतर नुसतंच शरीराला बरं वाटतं, जसं सारखं पाय हलवणं, पेनचं टोपण चावणं. बाहेरून दोन मुलं अगदी सेम दंगा करत असतील तरी आतलं कारण वेगळं असू शकतं, आणि कारण वेगळं तर उपाय उलटा पडतो. लक्ष हवं असलेल्या मुलाकडे दंगा करताना दुर्लक्ष केलं तर उपयोग होतो, पण सुटका हवी असलेल्याकडे दुर्लक्ष म्हणजे त्याला आयती सुट्टीच.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. १९८५ साली अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, मला तो फार आवडतो कारण त्यात मशीन नाही, औषध नाही, फक्त दोन वाक्यं आहेत. चार मुलं होती, विकासात अडचणी असलेली, मारणं, आक्रस्ताळेपणा, स्वतःला इजा करणं असं सगळं करणारी. आधी त्यांनी बघितलं की कोण कधी बिघडतं, काम अवघड दिलं की, का मोठ्या माणसाचं लक्ष कमी झालं की. मग मुलांना बोलायला एक वाक्य शिकवलं. ज्याला काम जड जातं त्याला "मला कळलं नाही", म्हणजे मोठं माणूस लगेच मदत करणार, आणि ज्याला लक्ष हवंय त्याला "माझं बरोबर चाललंय का?", म्हणजे कौतुक मिळणार. त्रासदायक वागणं झपाट्यानं कमी झालं. पण खरी मेख पुढं आहे. त्यांनी मुद्दाम चुकीचं वाक्यही शिकवून बघितलं, म्हणजे काम अवघड जाणाऱ्याला कौतुक मागायचं वाक्य, आणि तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे गोड बोलून किंवा जास्त लक्ष देऊन मुलं सुधारली असं नव्हतं, जी गोष्ट ते दंगा करून मिळवत होते तीच गोष्ट बोलून मिळायला लागली म्हणून दंग्याची गरज संपली.

आपल्या वर्गात हे करायला लॅब लागत नाही. एक वही घ्या, तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. दहाबारा दिवस फक्त लिहायचं, मत नाही लिहायचं. "उद्धटपणा केला" हे मत झालं, "वाचायला उभं केल्यावर पुस्तक खाली टाकलं, मी बसायला सांगितलं" ही नोंद झाली. अशा दहा-पंधरा नोंदी एकाखाली एक वाचल्या की बऱ्याचदा आपोआप दिसतं की हे सगळं वाचनाच्या वेळी होतंय, किंवा मधल्या सुट्टीनंतर होतंय, किंवा फक्त एकाच सरांच्या तासाला होतंय (हे शेवटचं स्टाफरूममध्ये सांगायला जरा जपून). आणि त्याच वेळी डोळे, कान, झोप आणि सकाळचा नाश्ता या चार गोष्टी पालकांना विचारून घ्या, कारण फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं पोर कितीतरी वेळा "कॉपी करतो, बडबड करतो" म्हणून मार खातं.

आता "खाली बस" या दोन शब्दांबद्दल. १९६८ मध्ये चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या एका वर्गात मोजून पाहिलं की बाईंनी "खाली बसा" म्हणण्याचं प्रमाण वाढवलं तर काय होतं. मुलं जास्त उभी राहायला लागली! प्रत्येक वेळी म्हटल्यावर ती बसायची, म्हणून बाईंना वाटायचं की आपलं ऐकतायत, पण दिवसभराचा हिशोब केला तर उठणं वाढलेलं. उलट जी मुलं बसून काम करतायत त्यांचं कौतुक केलं की उठणं कमी झालं. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात नुसते नियम सांगून जवळपास काहीच झालं नव्हतं, वर्गाच्या भिंतीवर नियमांचे तक्ते लावणाऱ्या शाळांनी हे जरूर लक्षात घ्यावं. कौतुक मात्र नेमकं हवं, "शहाणा माझा" नाही तर "तू आज हात वर करून विचारलंस, छान केलंस" असं.

एक सावधगिरी, दुर्लक्ष करायला सुरुवात केली की दंगा आधी वाढतो. टीव्हीचा रिमोट चालेना झाला की आपण बटण आणखी जोरात दाबतो तसंच ते असतं. बरेच जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी हार मानतात आणि ओरडतात, आणि मग पोराला धडा मिळतो की जोरात दाबलं की चालतं. आणि मारामारी, स्वतःला इजा, पळून जाणं अशा गोष्टींकडे दुर्लक्ष करायचंच नाही, तिथं आधी थांबवायचं, बाकीचं मागून.

एकेका मुलाचं झालं, पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात काय? १९६९ सालचा एक खेळ आहे, गुड बिहेवियर गेम नावाचा, अमेरिकेतल्या चौथीच्या एका वर्गातून आलेला. वर्गाच्या दोन टीम करायच्या, विनाकारण उठलं किंवा मध्येच बोललं की त्या टीमच्या नावापुढं फळ्यावर एक खूण, ज्यांच्या खुणा कमी ते जिंकले, आणि दोघांच्याही ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी असतील तर दोघंही जिंकले. बक्षीस काय, तर डब्याच्या रांगेत पहिला नंबर, थोडा मोकळा वेळ, अशा बिनपैशाच्या गोष्टी. गणिताच्या तासाला मध्येच बोलणं साधारण ९६ टक्के वेळा दिसायचं ते १९ वर आलं, जागा सोडून उठणं ८२ वरून ९ वर. पण त्याच प्रयोगात दोन मुलं अशीही निघाली की जी टीमला मुद्दाम हरवायची, त्यांना वेगळं करावं लागलं, आणि मला ही तळटीप आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. ज्या मुलाला आधीच वर्गात मित्र नाहीत त्याच्यामुळे टीम हरली तर मधल्या सुट्टीत त्याचं काय होईल याचा विचार आधी करा.

पुढं बाल्टिमोर शहरात १९८५-८६ पासून शेपर्ड केलम यांच्या टीमनं १९ शाळांमधल्या पहिलीच्या वर्गांत हा खेळ आणि काही दुसरे उपाय तपासले आणि ती मुलं १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग काढला. खेळ खेळलेल्या मुलग्यांमध्ये ड्रग्जच्या व्यसनाचं प्रमाण १९ टक्के, बाकीच्यांत ३८. पहिली-दुसरीतल्या एका खेळाचा असा परिणाम वाचून लोक हुरळले. मग इंग्लंडमध्ये ७७ शाळांमध्ये तो करून बघितला आणि सरासरी काढल्यावर वाचनातही नाही आणि वागण्यातही नाही, काही खास फायदा दिसला नाही. म्हणून खेळ करा, स्वस्त आहे, पण कोणी ट्रेनिंगच्या नावाखाली रामबाण म्हणून विकायला आलं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

हे सगळं झालं आवाज करणाऱ्या मुलांचं. पण सुटका हवी असलेलं दुसरं एक मूल त्याच वर्गात बसलेलं असतं आणि त्याची तक्रार कुणीच करत नाही, उलट पालकसभेत "खूप शांत आहे हो" असं कौतुक होतं. रविवारी रात्री जेवण कमी, सोमवारी सकाळी पोटात दुखतं, डॉक्टरांकडे गेलं तर सगळं नॉर्मल, आणि साडेदहाला शाळेची वेळ टळली की पोट थांबतं. हे नाटक नाही, काळजीनं खरंच पोट दुखतं. पण घरी राहिल्यावर जे हायसं वाटतं ना, ते त्या बेंच वाजवणाऱ्याच्या व्हरांड्यासारखंच काम करतं, भीती टळते आणि दुसऱ्या दिवशी आणखी मोठी होऊन येते. म्हणून अशा मुलाला महिनाभर घरी ठेवणं हा प्रेमळ पण महागात पडणारा उपाय आहे. जबरदस्तीनं ओढत नेणंही नको. आधी भीती नक्की कशाची ते काढायचं (टॉयलेट, बसमधली मोठी मुलं, इंग्रजीचं मोठ्यानं वाचन, काहीही असू शकतं), आणि मग पायरीपायरीनं, आधी दोन तास, ओळखीच्या बाई गेटवर, वाचन आधी फक्त बाईंसमोर, मग दोन मैत्रिणींसमोर.

आणि लेबल लावायची घाई नको. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला ९ लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. तिथं शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरवाल्या मुलग्यांना एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा यांचा विकार) असं निदान ३० टक्के जास्त, मुलींना तर ७० टक्के जास्त मिळालेलं. म्हणजे काही पोरं फक्त अकरा महिन्यांनी लहान होती! आपल्याकडे महाराष्ट्रातही आता पहिलीसाठी ३१ डिसेंबरच धरतात, तेव्हा "चंचल आहे, दाखवून घ्या" असा रिमार्क लिहिण्याआधी हजेरीपटावरची जन्मतारीख बघायला हरकत नाही. ज्यांना खरंच एडीएचडी किंवा लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली मूळची अडचण) आहे त्यांना मात्र वेळेवर तपासणी हवीच, तिथं "मोठा झाला की होईल नीट" म्हणत दोन वर्षं घालवू नका.

छडीबद्दल फार बोलत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे, म्हणजे सगळ्यांसमोर "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय" म्हणणं हेही त्यातच येऊ शकतं, आणि तसंही छडीनं मुलाला काय करायचं नाही एवढंच कळतं, त्याऐवजी काय करायचं ते कळत नाही.

मग हे सगळं करणार कोण? याबद्दल आपल्या देशातला एक चांगला पुरावा आहे. गोव्यातल्या संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून जास्त सरकारी हायस्कूलमध्ये सेहेर नावाचा कार्यक्रम केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. भित्तिपत्रक, मुलांनी चिठ्ठी टाकायची पेटी, परिपाठात चर्चा, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं, असं साधंच होतं. काही शाळांमध्ये हे काम गावातल्याच ट्रेनिंग दिलेल्या माणसानं केलं, तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, आणि काही शाळांमध्ये तेच काम तिथल्याच शिक्षकाकडे दिलं. पहिल्या गटात शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या गटात काहीच झालं नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ मी तरी काढणार नाही, ज्या माणसाकडे दिवसाचे सात तास शिकवणं आहे, पोषण आहाराचा हिशोब आहे, निवडणुकीची ड्यूटी आहे आणि व्हॉट्सअपवर "माहिती तात्काळ पाठवा" आहे त्याच्याकडे चिठ्ठ्यांची पेटी उघडायला वेळ कुठून येणार? त्यामुळे तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत समुपदेशकाचा विषय निघाला आणि कुणी "आपल्या बाईंनाच दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊ, होऊन जाईल" म्हणालं, तर नालंदाचं उदाहरण द्या आणि त्या कामासाठी वेगळा माणूस मागा, डिग्रीवाला नाही मिळाला तरी चालेल, पण त्याला दुसरं काम नको.