बिकॉज की सिन्स? दोन्हीचा अर्थ 'कारण', मग घोळ कुठं होतो

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मराठी मीडियमची पोरं इंग्लिश पेपरात बिकॉज आणि सिन्स सर्रास एकाच्या जागी दुसरं लिहितात, आणि बऱ्याचदा खपून पण जातं. फरक आहे तो जोर कुठं द्यायचा यात.

समोरच्याला कारण माहीत नाही आणि तेच सांगायचंय, तर बिकॉज. सरांनी "व्हाय आर यू लेट?" विचारलं की "बिकॉज द खानापूर बस ब्रोक डाउन", विषय संपला. इथं सिन्स टाकलं तर वाक्य लोंबकळत राहतं, सर म्हणणार बरं, पुढं बोल की. कारण दोघांनाही ठाऊक असेल तर मात्र सिन्स बरं: "सिन्स यू आर गोइंग टू बेलगाम, ब्रिंग सम कुंदा." तू चाललायस हे मला माहीत, तुला पण माहीत, मुद्दा कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा.

सिन्सची खरी अडचण म्हणजे ते वेळ पण दाखवतं. "सिन्स ही मूव्ह्ड टू धारवाड, ही हॅज नॉट कॉल्ड मी." आता हा धारवाडला गेल्यापासून फोन करत नाही, की गेला म्हणून करत नाही? वाक्यावरनं कळायला मार्ग नाही. असा संशय आला की सरळ बिकॉज घाला, उगाच स्टाईल मारायला जाऊ नका. ॲज तर अजून वाईट, त्याचा 'त्याच वेळी' असाही अर्थ निघतो, मी तर कारणासाठी ते वापरतच नाही.

पण बिकॉज पण अगदी साधंभोळं नाही बरं का. "आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी." नोकरी सोडली पण पगारासाठी नव्हे, की पगार चांगला म्हणून सोडलीच नाही? दोन्ही निघतं. नॉटच्या नंतर बिकॉज आलं की हे बऱ्याचदा होतं. दुसरा अर्थ हवा असेल तर कारण पुढं आणा: "बिकॉज द सॅलरी वॉज गुड, आय डिड नॉट लीव्ह द जॉब." बिकॉजनं वाक्य सुरू करू नये असं शाळेत दटावून सांगतात, ते काही खरं नाही, मुख्य वाक्य मागनं आलं म्हणजे झालं. फक्त मधे सो घुसडू नका, "बिकॉज इट वॉज रेनिंग सो आय स्टेड होम" यातलं बिकॉज तरी उडवा नाहीतर सो तरी.