ग्लुकोज पावडर आणि ओआरएस: सॅकमध्ये कोणते, कशासाठी

श्रावणात नागद्वारच्या यात्रेसाठी नागपुरातून पचमढीकडे निघणारी माणसे असोत किंवा थंडीच्या दिवसांत पाठीवर सॅक घेऊन चिखलदऱ्याच्या बाजूला भटकायला जाणारी तरुण मंडळी असोत, त्यांच्या सामानाच्या यादीत ग्लुकोज पावडर आणि ओआरएस ही दोन नावे बहुधा एकाच ओळीत, एकमेकांना पर्याय म्हणून लिहिलेली असतात. दोन्ही पांढऱ्या भुकट्या आहेत, दोन्ही गोड लागतात, पाण्यात विरघळतात आणि औषधांच्या दुकानात एकाच काउंटरवर मिळतात. एवढ्या साम्यामुळे जे हाती लागेल ते घेतले जाते. प्रत्यक्षात मात्र ग्लुकोज हे खाद्य आहे आणि ओआरएस हे शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढण्याचे औषध आहे. चढणीवर कोणाला जुलाब लागले, तर हा फरक जिवाशी येऊ शकतो.

ग्लुकोज पावडरीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तिचा जवळजवळ सगळा भाग साखरेचाच असतो. काही डब्यांत थोडे जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम घातलेले असते. ती लवकर रक्तात उतरते आणि तात्पुरती तरतरी येते. घामावाटे गेलेले मीठ तिच्यातून परत मिळत नाही. खाद्य म्हणून पाहिले तरी सॅकमधल्या वजनाच्या मानाने ती फायद्याची नाही, कारण १०० ग्रॅम ग्लुकोजमधून ४०० कॅलरींच्या आतच ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक.

ओआरएसचे सारे मर्म प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असे एकूण २०.५ ग्रॅम मिश्रण लागते. यातली साखर ताकदीसाठी घातलेली नाही. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी यंत्रणा असते, ती जुलाबातही बऱ्याच अंशी शाबूत राहते आणि या जोडीच्या मागोमाग पाणी शरीरात ओढले जाते. याउलट साखर फार झाली, तर ती शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते. त्यामुळे जुलाब झालेल्या माणसाला घट्ट ग्लुकोजपाणी पाजणे म्हणजे त्याचा त्रास वाढवणे होय. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना तोंडाने पाजले आणि तिथला सुमारे ३० टक्क्यांचा मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. इतक्या साध्या मिश्रणाने एवढे जीव वाचले, ते त्यातल्या मापामुळेच, असे मला ठामपणे वाटते.

म्हणूनच सामान भरताना पुडीइतकेच लक्ष बाटलीकडे द्यावे. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी आणि लहान पुडी बहुधा २०० मिलिलिटरसाठी असते. कोणती घेतली ते पुडीवर वाचावे आणि सोबत नेमकी एक लिटरची एक तरी बाटली ठेवावी. अर्ध्या बाटलीत अख्खी मोठी पुडी ओतली, तर मीठ आणि साखर दोन्ही दुप्पट होतात, आणि लहान मुलांना ते विशेष धोक्याचे असते. चवीसाठी वरून साखर किंवा सरबताची पावडर घालू नये, तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. जागा वाचावी म्हणून पुड्या फोडून भुकटी एका डबीत भरण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. डबीवर नाव नसले, तर अंधारात टॉर्चच्या उजेडात ग्लुकोज कोणते आणि ओआरएस कोणते हे ओळखता येत नाही, आणि मापही हातचे जाते. पचमढीच्या पावसात दमट हवेने भुकटीचे खडे होतात, म्हणून बंद पुड्याच झिपच्या पिशवीत घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवाव्यात.

तब्येत ठीक असताना दिवसभर पाण्याऐवजी ओआरएस पीत चालण्याची गरज नाही. चालताना गेलेले मीठ साधे पाणी आणि खारे फुटाणे, खारवलेले शेंगदाणे, चिवडा, पोळीसोबतचे लोणचे यांतून सहज परत येते. आपल्याकडे उन्हाळ्यात मीठ घातलेले कैरीचे पन्हे आणि ताक पिण्याची रीत आहे, तीही याच गरजेतून आलेली. तासन्‌तास घाम गाळत, काहीही न खाता, नुसते पाणीच भरपूर पीत राहिल्यास मात्र रक्तातले सोडियम घसरून डोके दुखणे, मळमळणे, गोंधळल्यासारखे होणे असा त्रास संभवतो. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ओआरएसबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

ओआरएस ग्लुकोजची जागा घेऊ शकत नाही असा एक प्रसंग आहे. सोबत इन्सुलिन घेणारा मधुमेही असेल आणि चालून त्याची साखर उतरली, हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, तर तो शुद्धीवर असताना सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज थोड्या पाण्यातून लगेच द्यावे लागते. ओआरएसच्या पूर्ण लिटरभर पाण्यातही तेवढे ग्लुकोज नसते. अशा सोबत्यासाठी ग्लुकोजची पुडी वेगळी, नाव लिहून, त्याच्याच खिशात असावी.

खोक्यातली तयार पेये हा तिसराच गोंधळ आहे. गोड फळांच्या चवीची अशी अनेक पेये नावात ओआरएस लावून विकली जात होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही खरेदी करताना नावापेक्षा मागची बाजू वाचावी: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि चारही घटकांची ग्रॅममधली मापे असतील, तरच ती पुडी ओआरएस म्हणून सॅकमध्ये घालावी.