ताक-दह्याने किडनी ‘धुतली’ जात नाही

‘किडनीच्या आजारात मुलाला रोज वाटीभर दही द्या, पोटातले चांगले जंतू रक्त साफ करतात, डायलिसिस टळतं.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य चिमूटभर आहे, म्हणूनच तो खपतो.

आतड्यातल्या जंतूंचा किडनीशी संबंध खराच. प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून काही जंतू इंडोल नावाचं रसायन बनवतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट हे टाकाऊ द्रव्य करतं आणि निरोगी किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साचतं. रक्तातल्या प्रथिनांना ते असं चिकटून बसतं की डायलिसिसनेही नीट निघत नाही. बद्धकोष्ठ असेल तर जंतूंना हे उद्योग करायला आणखी वेळ मिळतो; या मुलांचं पोट साफ होतंय का, हे डॉक्टर उगाच विचारत नाहीत.

पण म्हणून दही किडनीचं काम करू लागत नाही. उलट त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम असतं. किडनी बरीच निकामी झाली असेल तर जादा फॉस्फरस वाढत्या हाडांना बाधतो. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीवाटे प्रथिनं वाहून जाण्याच्या आजारात, गणित वेगळं. तिथे दही सहसा चालतं. प्रोबायोटिकच्या, म्हणजे ‘चांगल्या जंतूं’च्या, पुड्या मात्र स्टिरॉइड चालू असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.