आयसोटोप निर्मिती आणि अणुसंशोधनातली नोकरी: दारं कोणती, पात्रता काय, कागद कुठले

"आयसोटोपची भरती कधी निघते?" हा प्रश्न बीएससीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेली मुलं-मुली हमखास विचारतात. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, आणि इथे बोलतोय ते त्यातल्या किरणोत्सारी अणूंबद्दल. पण त्या नावाची भरती निघतच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची म्हणजे बीएआरसीची जाहिरात निघते, अणुऊर्जा खात्याच्या इतर घटकांची निघते, रेडिएशन मेडिसिन सेंटरच्या अभ्यासक्रमाची सूचना लागते. तुमचं शिक्षण काय यावर तुमचं दार ठरतं. म्हणून आधी दार ओळखायचं आणि त्या दाराला लागणारे कागद जाहिरात निघायच्या आधीच गोळा करायचे.

काम नेमकं कशाचं?

देशातल्या आयसोटोप कामाचा मोठा भाग मुंबई परिसरातच चालतो. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या बीएआरसीत ध्रुव ही १०० मेगावॅटची संशोधन अणुभट्टी १९८५पासून आहे. तिच्यात टार्गेट, म्हणजे मूळ पदार्थ, ठेवून मॉलिब्डेनम-९९, आयोडीन-१३१, ल्युटेशियम-१७७ असे आयसोटोप तयार होतात. त्यापासून औषधं आणि उपकरणं बनवून रुग्णालयांपर्यंत पोहोचवायचं काम वाशीच्या ब्रिटचं, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीचं. हे मंडळ १९८९ साली सुरू झालं. कर्करोगाच्या उपचारात आणि निर्जंतुकीकरणात वापरला जाणारा कोबाल्ट-६० मात्र वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांत तयार होतो, मुख्यतः राजस्थानात रावतभाट्याला.

या कामाची लय अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ, ठरवतं. हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी लागणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य फक्त ६ तास. तो बनवून कपाटात ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयाला त्याचा 'जनक' मॉलिब्डेनम-९९ पाठवतात, ज्याचं अर्धायुष्य ६६ तास आहे. शिशाच्या कवचात ॲल्युमिनाचा छोटा स्तंभ असतो आणि मॉलिब्डेनम त्याला चिकटून बसलेला असतो. सकाळी तंत्रज्ञ त्यातून सलाइन सोडतो, दुसऱ्या टोकाला निर्वात कुपी लावतो आणि काही क्षणांत टेक्नेशियम त्या कुपीत उतरतो. मॉलिब्डेनम जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात जनरेटर दमतो आणि नवा मागवावा लागतो. त्यामुळे उत्पादन, गुणवत्ता तपासणी, पॅकिंग, विमानाची वेळ हे सगळं घड्याळावर चालतं. संशोधन म्हणजे निवांत प्रयोगशाळा अशी कल्पना असेल, तर हा विभाग तुमच्यासाठी नाही.

पहिलं दार: बीएआरसी ट्रेनिंग स्कूल

अभियंते आणि एमएस्सी झालेल्यांसाठी हा राजमार्ग. १९५७पासून चालू आहे. ओसीईएस हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, तर डीजीएफएस या योजनेत आयआयटीसारख्या संस्थेत दोन वर्षांचं एमटेक करायला मिळतं. आपल्याकडच्या आयसीटीचाही, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचाही, त्यात समावेश असतो. ट्रेनिंग स्कूल फक्त मुंबईत नाही. कल्पाक्कम, इंदूर आणि हैदराबाद इथेही आहेत.

पात्रता: संबंधित शाखेची बीई, बीटेक किंवा पाच वर्षांचं एकात्मिक एमटेक, किमान ६० टक्के. विज्ञानासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जैवविज्ञान वगैरे विषयांत एमएस्सी, तिथेही ६० टक्के. एमएस्सीवाल्यांनी बीएससीच्या टक्क्यांची आणि तिथल्या दुय्यम विषयांची अट जाहिरातीत नीट वाचावी. एमएस्सीला ७५ टक्के असून बीएससीच्या अटीत अडकलेली मुलं दर वर्षी भेटतात. वयोमर्यादा १ ऑगस्टला खुल्या गटासाठी २६, ओबीसी २९, एससी-एसटी ३१ वर्षं.

जाहिरात साधारण जानेवारीत येते. मुलाखतीसाठी निवड दोन वाटांनी होते: बीएआरसीची स्वतःची ऑनलाइन परीक्षा किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर. दोन्ही वापरता येतात आणि वापरावेतच. ऑनलाइन परीक्षेत दोन तासांत १०० प्रश्न, बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं तर १ वजा. अंदाजपंचे गोळे मारणाऱ्याला ती महाग पडते. अर्जाचं शुल्क ५०० रुपये. महिला, एससी, एसटी, तृतीयपंथी आणि दिव्यांग उमेदवारांना ते माफ आहे.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळत नाही. परीक्षेचे किंवा गेटचे गुण फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. अंतिम यादी मुलाखतीच्या गुणांवर लागते आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी. मुलाखत लांबलचक असते, मूळ संकल्पनांवर असते. 'हाफ-लाइफ म्हणजे काय' याचं पाठ केलेलं उत्तर दिलंत, की पुढचा प्रश्न हमखास येतो: मग जनक आणि जन्य दोघंही किरणोत्सारी असतील तर आलेख कसा दिसेल, काढून दाखवा. त्यामुळे आपल्याला खरोखर येणारे दोन-तीन विषय पक्के करणं हे दहा विषयांना हात लावण्यापेक्षा शहाणपणाचं.

अभ्यासक्रम पूर्ण करून किमान गुण मिळवले, की 'सायंटिफिक ऑफिसर सी' या पदावर नेमणूक होते. वेतनस्तर १०, मूळ वेतन ५६,१०० रुपये. नेमणुकीनंतर तीन वर्षं नोकरी करण्याचा करारनामा त्याआधीच भरून द्यावा लागतो. नेमणूक कुठे होणार हे खात्याच्या गरजेवर ठरतं. आयसोटोपच हवं म्हणून आलेला रसायनशास्त्रज्ञ इंधन पुनर्प्रक्रियेत जाऊ शकतो, हे आधीच मनाशी धरून चाला.

दुसरं दार: डिप्लोमा, बीएससी, आयटीआय

बीएआरसीची स्टायपेंडरी ट्रेनी भरती दर वर्षी निघत नाही, पण निघते तेव्हा मोठी निघते. २०२३च्या जाहिरातीत थेट भरती धरून एकूण ४,३७४ जागा होत्या. कॅटेगरी एक ही अभियांत्रिकी डिप्लोमा आणि बीएससीवाल्यांसाठी, किमान ६० टक्के, वय १९ ते २४. कॅटेगरी दोन ही दहावीनंतर आयटीआय केलेल्यांसाठी, तसंच विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी, वय १८ ते २२. प्रशिक्षण दोन वर्षांचं. त्या जाहिरातीत पहिल्या गटाला दरमहा २४,००० आणि दुसऱ्या वर्षी २६,००० रुपये विद्यावेतन होतं, दुसऱ्या गटाला २०,००० आणि २२,०००.

फिटर, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांनी "हे आपलं क्षेत्र नाही" म्हणून ही जाहिरात सोडू नये. हॉट सेलच्या, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या बंद कक्षाच्या, जाड शिसेकाचेमागे यांत्रिक हातांनी कुपी उचलणारा, ते हात बिघडले तर दुरुस्त करणारा, हवेचा दाब आणि फिल्टर सांभाळणारा माणूस नसेल तर डॉक्टरेट मिळवलेल्यांचं काम एक दिवस चालणार नाही.

तिसरं दार: रुग्णालयाच्या बाजूने

परळच्या टाटा रुग्णालयाच्या ॲनेक्समधलं रेडिएशन मेडिसिन सेंटर हे बीएआरसीचंच. तिथला डीएमआरआयटी (डिप्लोमा इन मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्स) हा अभ्यासक्रम विज्ञान पदवीधरांना न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट होण्यासाठी आहे. एमएस्सी भौतिकशास्त्रवाल्यांसाठी अणुशक्तीनगरचा डिप आरपी (डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स) हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. तो केलेला माणूस कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होतो. पेट-स्कॅन केंद्रं आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत, त्यामुळे सरकारी जागेची वाट बघत बसण्यापेक्षा हे दार मला अनेकांसाठी जास्त व्यवहार्य वाटतं.

उद्योगातही कामं आहेत. वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ वापरणारे रेडिओग्राफर लागतात, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणाऱ्या गॅमा प्लांटमध्ये ऑपरेटर आणि सुरक्षा अधिकारी लागतात. लासलगावचा कांदा आणि वाशीहून अमेरिकेला जाणारा हापूस यांच्यावर विकिरण करणारी केंद्रं याच जातकुळीतली.

पीएचडी करायची असेल, तर होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमार्फत जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती. त्यासाठी नेट, जेस्ट किंवा गेट यांपैकी एक परीक्षा. बारावीला असाल, तर नेस्ट परीक्षा देऊन मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं सीईबीएस किंवा भुवनेश्वरचं नायसर या विज्ञान संस्थांत पाच वर्षांचं एकात्मिक एमएस्सी.

कागदपत्रं: खरी गळती इथे होते

जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा शेवटच्या वर्षाला असाल तर कॉलेजचा बोनाफाईड, फोटो, सही, ओळखपत्र. ही यादी सगळ्यांना ठाऊक असते. गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टींत.

सीजीपीए. जाहिरात टक्के मागते आणि तुमच्या हातात ग्रेड असते. विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढा आणि त्या सूत्राचं पत्र परीक्षा विभागातून घेऊन ठेवा. ५९.९ म्हणजे ६० नव्हे.

नाव. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर एखादं अक्षर वेगळं. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव लिहा. लग्नानंतर बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. स्पेलिंगमधला फरक मोठा असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

जातीचा दाखला. ही केंद्र सरकारची नोकरी आहे, म्हणून ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा आणि जात केंद्राच्या यादीत असायला हवी. राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला तसाच पुढे केला तर अडतं. महाराष्ट्रातले व्हीजेएनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्राच्या अर्जात दिसणारच नाहीत. त्यातल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत त्यांनी ओबीसी म्हणून अर्ज करायचा, बाकीच्यांनी खुल्यात किंवा निकष बसत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग, तोही इथे चालत नाही. सेतू केंद्रात किंवा आपले सरकारवर अर्ज करताना "केंद्रीय नमुना" असं स्पष्ट सांगा. प्रांत कार्यालयातून दाखला हातात यायला वेळ लागतो आणि जाहिरातीची मुदत जेमतेम महिनाभराची असते. दाखल्यावरची तारीख जाहिरातीत सांगितलेल्या कालावधीत बसते का, हेही पाहा.

आधीच सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र. दिव्यांगांना ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र.

अर्ज फक्त ऑनलाइन भरला जातो. भरून झाल्यावर पावतीची पीडीएफ जपून ठेवा, आणि जो ईमेल दिलात तो वर्षभर चालू राहील याची काळजी घ्या. मुलाखतीचं पत्र त्यावरच येतं. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकून मोकळे होणारे अजूनही आहेत. पैसे घेऊन 'बीएआरसीत लावून देतो' म्हणणारा कोणीही भेटला तर त्याला सरळ हाकला, या भरतीत मध्यस्थाला कुठे जागाच नाही.

निवड झाल्यावर

पोलीस पडताळणीचा अर्ज भरताना गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून जास्त जिथे राहिलात ते सगळे पत्ते द्यावे लागतात. पुण्यातली कॉट बेसिसची खोली किंवा हॉस्टेल वगळू नका. एखादा गुन्हा नोंद असेल, अगदी कॉलेजच्या आंदोलनातला असला तरी, लिहा. अशी माहिती दडवली तर नुसत्या त्या कारणावर नेमणूक रद्द होऊ शकते.

घरचे किरणोत्साराबद्दल विचारणारच. या क्षेत्रावर देखरेख एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ करतं, १९८३पासून. कामगाराचं वय किमान १८ असावं लागतं. मात्रेची, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराची, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे मात्रेचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. छातीवर मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लावायचा आणि ठरावीक काळाने तो मोजणीला जातो. रुग्णालयात किंवा खासगी प्लांटमध्ये लागलात तर संस्थेने एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर तुमची नोंद केली आहे का, ते रुजू होतानाच विचारा. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून मान्यताही याच पोर्टलवरून संस्थेच्या अर्जाने मिळते. आणि नोकरी बदलताना जुना पर्सनल नंबर, म्हणजे तुमच्या मात्रेची नोंद ज्या क्रमांकावर होते तो, नव्या संस्थेला सांगा. नवा क्रमांक काढला गेला, तर आधीच्या वर्षांतली तुमची मात्रा वेगळ्याच खात्यावर राहते आणि पाच वर्षांची बेरीज चुकते.