हॅण्डल नसलेली डिकी

गेल्या मे महिन्यात कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका गॅरेजात एक जुनी हॅचबॅक बघितली. तिचं मागचं दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं. हॅण्डल काढलेलं, कुलपाचा गोल काढलेला, मागचा वायपर, कंपनीचं चिन्ह, मॉडेलचं नाव, सगळं गेलेलं. उरली होती ती भोकं. मी मोजली, नऊ निघाली. गाडीमालक पंचविशीतला. त्याला ही सगळी भोकं बुजवून दार घासलेल्या ताटासारखं गुळगुळीत हवं होतं. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. “ते करतो की. पण मग उघडायचं कसं?”

मालकानं पिशवीतून अंगठ्याएवढी जाड, तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेली नळी काढली. “ह्यानं, मेस्त्री. बटण दाबलं की खट्.”

मेस्त्रींचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. हॅण्डल काढून टाकता येतं, त्याचं काम काढून टाकता येत नाही. खटका ओढणं, दार उचलायला धरायची जागा देणं आणि वीज असो-नसो किल्लीनं उघडणं, ही तीन कामं आता दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत.

हा नाद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांच्या वर्कशॉपमध्ये लोक नव्याकोऱ्या गाड्या आणून त्यांच्यावरची कंपनीची चकचकीत चिन्हं आणि नक्षी उतरवून घेत. पुढच्या बॉनेटवरची नक्षी काढली की ‘नोझिंग’, मागच्या डिकीवरची काढली की ‘डेकिंग’. हॅण्डलं काढण्याला तर सरळ ‘शेव्हिंग’ म्हणत, म्हणजे गाडीची हजामतच. बॉब हिरोहाटा नावाच्या तरुणानं 1952 मध्ये आपली 1951 ची मर्क्युरी बॅरिस बंधूंकडे दिली. ती गाडी या साऱ्या पंथाची कुलदैवत होऊन बसली आहे.

तेव्हा आजच्यासारखी पुटी नव्हती. भोकं आणि सांधे शिशानं भरत, म्हणून या गाड्यांना ‘लेड स्लेड’ नाव पडलं, शिशाची घसरगाडी. पण शिसं पत्र्याला आपण होऊन धरत नाही. आधी पत्रा घासायचा, फ्लक्स म्हणजे धातू स्वच्छ करणारं रसायन लावायचं, तापवायचा आणि कथलाचा पातळ हात फिरवायचा. दारात बसलेला कल्हईवाला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. तो भाता, नवसागराचा नाकात जाणारा धूर, कापसाचा बोळा आणि काळ्या पातेल्यात एकाएकी पसरणारी चांदी. नवसागर तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो धातूवरचा ऑक्साइडचा थर खातो आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील धरतं. कॅलिफोर्नियातला कारागीर आणि आपला कल्हईवाला इथपर्यंत एकच काम करत होते.

पुढची गंमत मिश्रणाची. शुद्ध कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, शुद्ध शिसं 327 ला. दोन्ही आपापल्या अंशाला घनाचे थेट द्रव होतात. पण 70 टक्के शिसं आणि 30 टक्के कथील अशी कांडी घेतली तर ती 183 अंशांना मऊ पडायला लागते आणि पूर्ण पातळ व्हायला सुमारे 255 अंश लागतात. मधल्या सत्तर अंशांत शिशाचे घन कण आणि त्यांच्याभोवती द्रव अशी ओल्या वाळूसारखी अवस्था असते. त्यामुळे उभ्या पत्र्यावरही ती लाकडी पट्टीनं थापता येते, ओघळत नाही. शिशाची धूळ मात्र अंगात गेली तर विषारी, म्हणून जाणते लोक ती कानशीनं घासत, फिरत्या यंत्रानं नाही. आता बिनशिशाच्या कांड्याही मिळतात.

आमच्या मेस्त्रींकडे सीओटू वेल्डिंग आणि पुटी. भोकाच्या मापाचा पत्र्याचा तुकडा कापला, बसवला आणि एक टाका मारला. मग दुसरा टाका शेजारी न मारता समोरच्या बाजूला. मग तिसऱ्याच भोकावर. मधे बिडी. मला वाटलं, माणूस आळशी आहे. प्रत्यक्षात ते पत्रा गार व्हायची वाट बघत होते.

गाडीच्या दाराचा पत्रा असतो जेमतेम 0.7 ते 0.8 मिमी. पोलाद तापलं की दर अंशाला लांबीच्या दशलक्षात सुमारे 12 भागांनी वाढतं. 10 सेंमीचा पट्टा 500 अंशांनी तापला तर वाढेल फक्त 0.6 मिमी. किरकोळ वाटतं? पण भोवतीचा गार पत्रा त्याला आडवं पसरू देत नाही, तेव्हा तो वर उचलतो. कमानीचं गणित केलं तर 10 सेंमीच्या अंतरात 0.6 मिमी जादा लांबी मावायला मधे जवळजवळ 5 मिमीचा फुगवटा यावा लागतो. त्यातच तापलेला भाग मऊ असल्यामुळे आतल्या आत दाबला जातो आणि गार होताना आधीपेक्षा आखडतो. एका दमात सगळी शिवण मारली की दार तेलाच्या डब्याच्या बुडासारखं होतं, अंगठ्यानं दाबलं की टक्, सोडलं की टक्. एकदा असं झालं की हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, घेऊन तासन् तास बसा.

काही जण वेल्डिंगच करत नाहीत. मागून जाळी लावायची आणि वरून पुटी भरायची. स्वस्त पडतं, दिसतंही छान, आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतं. पुटी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची भुकटी. त्यात रंगीत हार्डनर कालवला की रेझिनच्या साखळ्या एकमेकींत अडकत जातात, गोळा गरम होतो आणि पाच-दहा मिनिटांत घट्ट. पण शंखजिरं ओल शोषतं. मागून भोक उघडं असेल तर दमट हवा थेट पुटीत आणि तिथून पत्र्यावर. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो पुटीला आतून ढकलतो आणि रंगावर फोड येतात. पुटी वेल्ड केलेल्या पत्र्यावर, दोन-तीन मिमीपर्यंतच असावी. मेस्त्री याबाबत फार कडक होते आणि मला वाटतं, गॅरेज पारखायचं तर याच एका गोष्टीवर पारखावं.

प्रायमर मारल्यावर दार निर्दोष दिसत होतं. मालक खूश. मेस्त्रींनी मात्र दारावर पाणी ओतलं, ओल्या पत्र्यात छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायला सांगितलं. ट्यूबची सरळ रेघ एका जागी सापासारखी वळली होती.

प्रायमर खरखरीत असतो, तो उजेड सगळीकडे उधळतो, त्यामुळे खड्डा लपतो. चकचकीत रंग किंवा पाण्याचा थर आरशासारखा वागतो. आणि आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. 10 सेंमी रुंद आणि अर्धा मिमी खोल खळगी घ्या. तिच्या कडेचा उतार जेमतेम एक अंशाचा, पण किरण सव्वादोन अंशांनी वळतो आणि 3 मीटरवरच्या ट्यूबचं प्रतिबिंब 12 सेंमी भरकटतं. हॅण्डल होतं तेव्हा नजर त्यावर अडायची. आता अडायला काही नाही, म्हणून चूक झाकायलाही काही नाही. त्या खळगीवर पुन्हा पुटी, पुन्हा लांब ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासणं. यात चार दिवस गेले. रंगाला एक.

आता ती नळी. 1825 मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जननं नालेच्या आकाराच्या लोखंडावर तार गुंडाळून त्यातून वीज सोडली. दोनशे ग्रॅमच्या त्या तुकड्यानं चार किलो वजन उचललं. मालकाची नळी म्हणजे सोलेनॉइड, त्याच घराण्यातला, फक्त लोखंडाचा दांडा गुंडाळीच्या आत सरकता ठेवलेला. वीज सोडली की दांडा आत खेचला जातो आणि दांड्याला बांधलेली तार खटका ओढते.

अडचण अशी की ही ओढ नको तेव्हा जास्त आणि हवी तेव्हा कमी असते. दांडा आणि समोरचं लोखंड यांत फट जितकी मोठी तितकी ओढ झपाट्यानं घटते, ढोबळमानानं फट दुप्पट तर ओढ एक चतुर्थांश. सुरुवातीला फट सगळ्यात मोठी, आणि खटकाही सुरुवातीलाच सगळ्यात घट्ट. म्हणून अनुभवी माणूस तार ताणून बांधत नाही, थोडी ढिली ठेवतो. दांडा आधी मोकळा धावतो, वेग घेतो आणि मग खटक्याला हिसका देतो. मालकानं पहिल्यांदा तार ताठ बांधली होती. नुसताच घुं आवाज आला.

दुसऱ्यांदाही उघडेना, तेव्हा मेस्त्रींनी दारावर तळहात दाबला आणि म्हणाले, “आता दाबा बटण.” उघडलं. दाराचा रबर आतून सतत बाहेर रेटत असतो, त्या रेट्यानं खटका आपल्या खाचेत आवळून बसतो. दार दाबलं की रेटा हटतो, घर्षण घटतं आणि तीच ओढ पुरते. इलाज म्हणजे ज्या आकड्यात खटका अडकतो तो दोन मिमी सरकवणं.

असा सोलेनॉइड 12 व्होल्टवर 10 अँपिअर तरी घेतो, म्हणजे 120 वॅट. अर्ध्या सेकंदासाठी काही हरकत नाही, बटण दाबून धरलं तर गुंडाळी जळते. एवढा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या नाजूक बटणातून न्यायचा नसतो. बटणानं फक्त रिले, म्हणजे थोड्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, चालवायचा, त्याला अँपिअरचा सातवा हिस्सा पुरतो, आणि मोठा प्रवाह रिलेच्या जाड टोकांतून, बॅटरीजवळ फ्यूज लावून न्यायचा. वायरही जाड हवी. अर्धा चौरस मिमीची 5 मीटर तांब्याची वायर घातली तर 10 अँपिअरचे पावणेनऊ उरतात. ओढ प्रवाहाच्या वर्गानं बदलते, त्यामुळे जवळजवळ पाव ओढ वायरीतच संपते. शिवाय वीज बंद होताना गुंडाळीतलं चुंबकत्व कोसळतं आणि क्षणभर शेकडो व्होल्टचा झटका उलटा येतो. त्याला वाट काढून द्यायला गुंडाळीला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, उलटा जोडतात, नाहीतर रिलेची टोकं ठिणग्यांनी खाल्ली जातात.

खटका सुटला, तरी दार उचलणार कोण? बाजूचे गॅसचे दांडे, असं वाटतं. पण दार बंद असताना त्यांची दिशा जवळजवळ बिजागरीकडेच रोखलेली असते, त्यामुळे जोर असूनही उचल नसते. दार हातभर वर आल्यावर मात्र ते जोमानं ढकलतात. तो पहिला धक्का देण्यासाठी मेस्त्रींनी खालच्या कडेला दोन दणकट स्प्रिंगा बसवल्या. खट् झालं की दार चार बोटं उसळतं आणि खाली हात घालायला जागा होते. नंबरप्लेट आणि तिचा दिवा बंपरवर गेला. आरसीवरच्या नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल आपल्या मोटार वाहन कायद्याला चालत नाही, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्या, हे मेस्त्रींनी मालकाला तीनदा सांगितलं.

शेवटी त्यांनी सायकलच्या ब्रेकची केबल घेतली, एक टोक खटक्याला, दुसरं मागच्या सीटच्या पाठीमागे गालिच्याखाली. मालकाला ते आवडलं नाही. “एवढं सगळं केलं आणि परत दोरी?” मेस्त्री म्हणाले, “असू दे.”

दिवाळीत मालक महिनाभर गावाला गेला. परत आला तेव्हा गाडीची बॅटरी पार उतरलेली. जंप स्टार्टची वायर त्याच्याकडे होती, पण डिकीत. मागची सीट आडवी पाडून तो पोटावर सरपटत आत गेला, गालिचा उचलला, केबल ओढली. खट्.