बायकोच्या दंडातली बेटकुळी

घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण 30 किलोचा असतो. आत 14.2 किलो गॅस, बाकी वजन टाकीचं. तो दारापासून ओट्याखालपर्यंत सरकवत, उचलत नेणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला कुणी "पुरुषी दिसशील हं" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तेच 30 किलो दांड्याला लावून तिने जिममध्ये उचलले, की घरातून प्रश्न येतो, "पैलवान व्हायचंय का?"

माझ्या एका मैत्रिणीला तो रात्री जेवताना विचारला गेला. वय 44, शाळेत शिक्षिका, वेट ट्रेनिंग सुरू करून जेमतेम दीड महिना झालेला. नवरा तसा समजूतदार. त्याने तिचा तळहात हातात घेतला, बोटांच्या मुळाशी आलेल्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चालायला जात होतीस तेच बरं होतं. दंडबिंड नको गं." पुढचे तीन आठवडे ती जिमकडे फिरकली नाही.

त्याला वाटलेली भीती शरीरशास्त्राला धरून नाही. स्नायू वाढवण्यात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा हात असतो. प्रौढ पुरुषाच्या रक्तात ते दर डेसिलिटरला साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम असतं, बाईच्या रक्तात 15 ते 70. तरीही बाईचा स्नायू व्यायामाला छान प्रतिसाद देतो. तिच्या मूळ स्नायूच्या टक्केवारीत मोजलं, तर वाढ जवळपास पुरुषाइतकीच भरते. व्याजाचा दर सारखा, मुद्दल कमी. त्यामुळे आठवड्यातून तीनदा वजनं उचलून कुणी नकळत, न ठरवता पैलवान होत नाही. तसं शरीर हवं असेल तर वर्षानुवर्षं ठरवून खावं लागतं आणि ठरवूनच उचलावं लागतं.

दीड महिन्यात तर दंड दिसण्याजोगे बदलतही नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती ताकद, आणि ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या, आणि मणक्यातून निघालेली एकेक चेतापेशी अशा एका जुडीला हुकूम देते. सवय नसलेल्या शरीरात जड वस्तू उचलताना बऱ्याच जुड्या कामाला लागतच नाहीत. सरावाने जास्त जुड्या एकाच वेळी, नेमक्या क्षणी खेचायला शिकतात. तंतू जाड व्हायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दांड्यावरचं वजन दर आठवड्याला वाढतं आणि आरशातली बाई तीच राहते. हा काळ फार नाजूक असतो. दाखवायला हातात काही नसतं, त्यात घरातला एक टोमणा पुरतो.

"घाबरू नका, दंड दिसणार नाहीत," असं सांगून बायकांना जिममध्ये आणायची एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. ज्या बाईला बेटकुळी हवीच आहे, तिने काय करायचं? युरोप-अमेरिकेच्या सर्कशीत ताकदीच्या खेळांनी गाजलेली केटी सँडविना 1884 साली जन्मली. ती धिप्पाड होती आणि ते तिने लपवलं नाही. मॅक्स हेमन या आपल्या नवऱ्याला एका हाताने डोक्यावर तोलणं हा तिच्या खेळाचा भाग होता. दोघांनी जवळपास 50 वर्षं संसार केला.

आपल्याकडे तर स्नायूची गरज जास्तच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका फोटोने दाखवलं. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर इन्सुलिनच्या मदतीने स्नायूच ओढून घेतात. स्नायू कमी असले की साखर ठेवायला जागाही कमी, आणि मधुमेहाची वाट सोपी होते.

पाळी गेल्यावर हाडंही झपाट्याने विरळ होऊ लागतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाडांची घनता कमी झालेल्या, 58 वर्षांपुढच्या 101 बायका घेतल्या. एका गटाने देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, खरोखर जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. "चालणं बरं" म्हणणाऱ्या प्रत्येक नवऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

मग नवऱ्याने करायचं काय? इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या साडेतीन हजारांहून जास्त जोडप्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवराही व्यायामाला लागला, तर आधी बैठं आयुष्य जगणाऱ्या बायकांपैकी 66 टक्के हालचाल करू लागल्या. तो बसूनच राहिला, तर फक्त 24 टक्के. उपदेशापेक्षा सोबत कामी येते. "आज गेली नाहीस?" अशी रोजची हजेरी घेतली, तर तो व्यायाम तिचा राहत नाही, घरातलं आणखी एक काम होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला 299 मिनिटं त्यात जात होती, तसं काम करणाऱ्या पुरुषांची 97. जिमचा तास याच हिशोबातून काढावा लागतो. तिसरी ताटातली. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या बाईला 96 ग्रॅम. एका अंड्यात सहाच मिळतात. उपासाच्या साबुदाण्यात जवळपास काहीच नाही, असतील ती दाण्याच्या कुटात. सगळ्यांचं झाल्यावर तळाशी उरलेलं वरण खाणाऱ्या बाईचं हे गणित कसं जमणार?

माझ्या मैत्रिणीच्या घरी यावर बरीच वादावादी झाली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी कणीक तो मळतो. पहिल्या पोळ्या जाड झाल्या, तर मुलांनी तोंडं वाकडी केली. डाळीचं पातेलं मोठं घेतलंय. तिची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून दांडा उचलणं, 60 किलोवर आली आहे, म्हणजे दोन भरलेले सिलिंडर. फ्रिजवर दुधाच्या हिशोबाचा कागद लावलेला असतो. त्याच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने 70 लिहून ठेवलंय.